निळा टाका

माझी बायको प्रत्येक शिवणीच्या शेवटी, आतल्या बाजूला, निळ्या दोऱ्याचा एक टाका घालायची. कव्हर तपकिरी असो की पांढरं, टाका निळा. आमच्या कारखान्यात सोफे बनतात. ती कव्हरं शिवायची आणि मी ती फोमवर चढवून, ताणून, सांगाड्याला ठोकायचो. कव्हर हातात आलं की मी आधी उलटं करून बघायचो. निळा टाका दिसला की बिनधास्त ताणायचं. तिची शिवण माझ्या हातात कधी उसवली नाही.

ती गेल्यावर मी लवकरच कामावर आलो. मुलगी दिवसभर बाहेर असते, मग घरी बसून भिंतींशी किती बोलणार? पण कव्हरं उलटी करून बघणं मात्र मी सोडून दिलं.

त्यानंतर एका हॉटेलातून सोफे परत आले. शिवणी उसवल्या होत्या. आमच्याकडे शिवलेलं प्रत्येक कव्हर आधी तपासनीसाच्या हाताखालून जातं, मग माझ्याकडे येतं. त्याच्या गळ्यात कायम मोजायची टेप असते म्हणून सगळे त्याला टेपच म्हणतात. पोरगेला होता तेव्हा माझ्या बायकोनेच त्याला कापड ओळखायला शिकवलं होतं. मालकाचा मुलगा जाब विचारायला शिवणीच्या खात्यात आला, तेव्हा याच टेपने एक कव्हर उलटं करून सगळ्यांसमोर वर धरलं.

"निळा टाका आहे," तो म्हणाला. "वहिनींची शिवण. शेवटी शेवटी त्यांचा हात पूर्वीचा राहिला नव्हता."

मी त्याची कॉलर धरून त्याला फोमच्या गठ्ठ्यावर आडवा केला. फोम चांगल्या प्रतीचा होता. टेप उसळून परत माझ्याच अंगावर आला, त्यामुळे दुसऱ्यांदा पाडावा लागला.

ऑफिसने दोघांनाही बोलावून सांगितलं की हे प्रकरण इथे वाढवायचं नाही. बाहेरच्या एक मध्यस्थ बाई आहेत, त्यांच्याकडे जा, समोरासमोर बसा, मिटल्याच्या कागदावर सह्या करून या. सही नसेल तर मला कामावर यायची गरज नव्हती, कारण हात मी उचलला होता. घरी मुलीने तेच लावून धरलं. बाबा, करून टाका सही, या वयात दुसरं काम कोण देणार, आणि आईला आता काय फरक पडतोय. मी ताटावरून उठलो. तिला वाईट वाटलं हे मला कळलं, पण उठलो.

मध्यस्थ बाईंची खोली चष्म्याच्या दुकानाच्या माडीवर होती. एक गोल टेबल, दोन सारख्या खुर्च्या, आणि भिंतीला एक सोफा. तो आमच्याकडचा नव्हता. एका टोकाला बसलं की दुसरं टोक वर यायचं. मी आणि टेप त्यावर बसून वाट बघत होतो, म्हणजे तो हलला की मी हलत होतो.

बाई चांगल्या होत्या. आवाज न चढवता बोलायच्या. त्यांचे नियम दोनच. समोरचा जे बोलेल ते आधी आपण आपल्या तोंडाने पुन्हा म्हणायचं, मगच उत्तर द्यायचं. आणि या खोलीतलं बोलणं या खोलीतच राहील.

दुसरा नियम ऐकल्यावर टेपचं तोंड उघडलं. तो म्हणाला की हॉटेलचे सोफे झाले तेव्हा वहिनी हॉस्पिटलात होत्या आणि मीही त्यांच्यापाशीच होतो. वहिनींची जागा रिकामी वाटू नये म्हणून शिवणीच्या रांगेतल्या बायकांनी आपसात ठरवलं होतं की त्या परत येईपर्यंत प्रत्येकीने निळाच टाका घालायचा. मायेने केलं होतं. पण काम घाईचं होतं, काही हात नवे होते. माल परत आला आणि मालकाचा मुलगा कुणाची शिवण म्हणून विचारू लागला, तेव्हा बायका माना खाली घालून बसल्या. नाव घेतलं असतं तर जिचं घेतलं ती घरी गेली असती.

"म्हणून वहिनींचं नाव घेतलं," तो म्हणाला. "मेलेल्या माणसाची नोकरी जात नाही, दादा."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. नियमाप्रमाणे मला ते म्हणायचं होतं. मी म्हटलं. "मेलेल्या माणसाची नोकरी जात नाही." माझ्या तोंडून ते ऐकताना टेप गळ्यातल्या टेपचं टोक बोटाला गुंडाळत बसला.

मग मी माझं बोललो. "नोकरी जात नाही. नाव जातं. तिच्याकडे आता तेवढंच उरलंय."

आता म्हणायची पाळी त्याची होती. तो 'नाव जातं' पर्यंत आला आणि थांबला. बाईंनी घाई केली नाही. मग तो उठला, वाकला आणि त्याने माझी माफी मागितली. मनापासून मागितली, ते मी नाकारत नाही. बाईंनी कागद माझ्यापुढे सरकवला. दोन्ही बाजूंना खेद आहे आणि वाद संपला आहे, असं त्यात होतं.

मी पेन उचललं नाही.

"बोललास सगळ्यांसमोर," मी टेपला म्हटलं, "आणि माफी इथे, चष्म्याच्या दुकानाच्या माडीवर?"

बाईंनी समजावलं की सही नसेल तर मिटलं नाही असं त्यांना कळवावं लागेल. मी म्हटलं, कळवा. त्या चिडल्या नाहीत. तुम्हाला नेमकं काय हवंय, असं त्यांनी विचारलं. हा प्रश्न तोवर कुणी विचारलाच नव्हता. मी सांगितलं की जिथे नाव घेतलं तिथेच उभं राहून त्याने म्हणावं, ती शिवण तिची नव्हती.

"मग कुणाची म्हणून विचारतील," टेप म्हणाला. "कुणाला पुढे करू?"

"स्वतःला कर. शिवली कुणी का असेना, हात फिरवून पुढे सोडली कुणी?"

 तो म्हणाला, "माझी नोकरी जाईल."

"माझी जातेच आहे. सोबत जाऊ."

बाईंनी तोंडावर हात धरला. हसल्या असाव्यात.

दुसऱ्या दिवशी मी कारखान्यात गेलो, पण माझ्या जागेवर गेलो नाही. शिवणीच्या रांगेत तिच्या मशीनसमोर, तिच्या खुर्चीत बसलो. मालकाचा मुलगा आला. सही न करता आत कसे आलात म्हणाला. पायांनी आलो, मी म्हटलं. उठा म्हणाला. उठेन, पण ज्याला बोलायचंय त्याचं बोलून होऊ दे.

रांगेतली मशीनं एकेक करून थांबली. रांगेतल्या थोरल्या मावशी रडवेल्या होऊन उभ्या राहू लागल्या. त्यांना काय सांगायचंय ते मला ठाऊक होतं. मी हातानेच त्यांना बसवलं.

टेप बराच वेळ दाराशी उभा होता. मग आत आला, गळ्यातली टेप काढून टेबलावर ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ती शिवण वहिनींची नव्हती. त्या तेव्हा हॉस्पिटलात होत्या. कव्हरं मी नीट न बघता सोडली. चूक माझी."

मालकाच्या मुलाने विचारलं, मग त्या दिवशी त्यांचं नाव का घेतलंस.

"सोपं होतं म्हणून," टेप म्हणाला.

मी खुर्चीतून उठलो. टेबलावरची टेप उचलून त्याच्या हातात दिली. गळ्यात घातली नाही, तेवढा अजून निवळलो नव्हतो.

आम्हाला काढलं नाही. हॉटेलचे सगळे सोफे नव्याने करून द्यायचे होते, माणसं काढून कसं चाललं असतं. कागद मात्र ऑफिसने पुन्हा पुढे केला आणि मी पुन्हा परत केला. मुलीला रात्री सगळं सांगितलं. जेवताना तिने मला आणखी एकदा वाढलं.

मावशींनी मला एकटं गाठून विचारलं, "भाऊ, निळा बंद करायचा का?"

"तो तिचा होता," मी म्हटलं. "तुम्ही आपापला रंग घाला. चांगलं शिवलं तरी तुमचं, उसवलं तरी तुमचं."

हॉटेलचं पहिलं नवं कव्हर माझ्याकडे आलं. कितीतरी दिवसांनी मी कव्हर उलटं केलं. पिवळा टाका होता. मी ते सांगाड्यावर चढवलं आणि होता नव्हता तेवढा जोर लावून ताणलं.