तीन किलोंचा आळ

जरा दमानं सांगतो, मित्रांनो, कारण आता मला पूर्वीसारखं भराभर बोलवत नाही. मी एक जुना, लोखंडी, हुकाचा वजनकाटा आहे. वर कडी, खाली हुक, मध्ये ताटलीएवढी तबकडी आणि तिच्यावर काळी सुई. पोटात स्प्रिंग. झालं, एवढाच माझा देह!

नगरच्या एका छोट्या कारखान्यात माझा जन्म झाला आणि सोनईच्या सूर्यभान आप्पांनी मला विकत घेतलं. आप्पा मापाडी, म्हणजे बाजारात शेतकऱ्यांचा माल मोजून देणारे. मी त्यांच्याबरोबर चाळीस वर्षं कांद्याच्या गोण्या उचलल्या. दिवसाला दोनदोनशे! गोणी टांगली की पोटाला पीळ पडायचा, उतरली की हुश्श. आप्पा सुईकडे बघायचे, मनातल्या मनात बारदान, म्हणजे रिकाम्या गोणीचं वजन, वजा करायचे आणि निव्वळ कांद्याचाच आकडा खणखणीत ओरडायचे. "आप्पांचा काटा हाय, मग बघायचं काय!" असं लोक म्हणायचे. तेव्हा मला काय वाटायचं ते विचारूच नका!

मग लाल आकड्यांचे इलेक्ट्रॉनिक काटे आले. आप्पा घरी बसले आणि मी पडवीच्या तुळईला टांगला गेलो. नुसतं लटकून राहण्यानं जो थकवा येतो ना, तो पन्नास किलोंच्या गोणीनंही येत नाही.

यंदा आप्पांचा थोरला मुलगा गोरक्षनाथ आला. तो अठरा वर्षांपासून कॅनडात आहे आणि तिथलाच नागरिक झाला आहे. त्याच्यासोबत सतरा वर्षांची निकिता, त्याची मुलगी. परत जाताना बापलेक दहा दिवस युरोप बघणार होते. मग काय, पडवीत सामानाचा डोंगर! गोरक्षनाथ मोबाईलवरची यादी वाचत होता.

"पासपोर्ट. युरोपातून निघाल्यावरसुद्धा निदान तीन महिने चालला पाहिजे. चालतोय. विम्याचा कागद. गोळ्या मूळ पाकिटात, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट. पासपोर्टच्या झेरॉक्स वेगळ्या पिशवीत. आई, ते तूप काढ. बाहेरून आणलेलं दुधातुपाचं तिथं चालत नाही."

"तूप चालत न्हाई?" बनुबाई आजी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "मग खातेत काय ती लोकं, पाला?"

"आणि बाबा, ॲडॅप्टर!" निकिता ओरडली. "आपल्या कॅनडाच्या चपट्या पिना तिकडे बसत नाहीत."

"बया! एवढी तयारी तर मी तुझ्या बापाच्या लग्नातबी केली न्हाई."

"शेवटचं," गोरक्षनाथ म्हणाला, "प्रत्येकी एक बॅग, तेवीस किलोच्या आत. जास्त भरली तर तिथंच उघडून काढावं लागतं."

हे ऐकलं आणि आप्पा ताडकन उठले. "वजनाचं माझ्यावर सोड!"

त्यांनी धोतराच्या सोग्यानं मला पुसलं. कितीतरी वर्षांनी! आधी रिकामी बॅग टांगली. सुई तीनवर. मग भरलेली टांगली. सुई सव्वीसवर. आप्पांनी मान हलवली आणि जुन्या जोरात ओरडले, "तेवीस!"

मित्रांनो, मी आतून कळवळलो. आप्पांनी सवयीनं बारदान वजा केलं होतं! अहो, विमानवाले बॅगेसकट मोजतात! पण मला तोंड कुठे आहे? माझी काच धुरकटलेली, आणि आप्पा आकडा सांगत असताना वाकून बघणार तरी कोण? दुसरी बॅगही तशीच गेली.

गावातल्या परवेझनं दोघांना आपल्या गाडीनं मुंबईला सोडलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो एक फुगलेली पिशवी घेऊन पडवीत आला. आजींनी केलेले शेंगदाण्याचे लाडू, चटणी, बाजरीचं पीठ, सगळं परत!

"दोन्ही बॅगा तीन-तीन किलो जादा निघाल्या," तो म्हणाला. "निकिता रडायलाच लागली, लाडू काढताना. आप्पा, तुमचा काटा लई खोटा निघाला!"

आजी एकेक डबा काढून खाली ठेवत राहिल्या.

"मी कधीचा म्हणतोय," धाकटा मुलगा अजिनाथ म्हणाला, "त्या खटाऱ्याला भंगारात घाला." त्यानं मला खाली काढून पोत्यात टाकलं.

परवेझ हसत म्हणाला, "आमच्या अब्बांचे कांदेबी ह्याच्यावरच मोजले ना, आप्पा? तिथं किती गेले आसतील?"

तो चेष्टेनं बोलला, पण आजींचा हात डब्यावरच थांबला. चांदभाई, म्हणजे परवेझचे अब्बा, वीस वर्षं आप्पांकडूनच माल मोजून घ्यायचे. आता मी खोटा ठरलो तर चांदभाईंची प्रत्येक गोणी खोटी. अख्ख्या सोनईच्या गोण्या खोट्या! आणि मी खरा ठरलो तर चूक आप्पांची. पोत्यात पडल्या पडल्या मी वाट बघत होतो. आप्पा गप्प बसले असते तर? सोपं होतं. काट्यावर आळ गेला तर काटा भांडत नाही.

मग आप्पांचा आवाज आला. "अज्या, काढ त्याला भायेर."

त्यांनी मला पुन्हा टांगलं. घरातून दहा किलो साखरेची सीलबंद पिशवी आणली आणि माझ्या हुकाला अडकवली. माझी स्प्रिंग थरथरली. मी जीव एकवटला, खरंच सांगतो.

"परवेझ, तू वाच."

परवेझ वाकला. काचेवर अंगठा घासला. "दहा," तो हळूच म्हणाला. "बरोबर दहा."

"काटा खरा हाय. तुझ्या बापाचा एक कांदाबी कमी मोजला न्हाई. चुकलो मी." आप्पांची मान खाली गेली. "बॅगेचं बारदान वजा केलं."

"आवो, बॅग काय गोणी हाय व्हय!" आजी म्हणाल्या, आणि इतक्या हसल्या की त्यांना पदरानं डोळे पुसावे लागले. मग त्यांनी एक लाडू परवेझच्या हातावर ठेवला आणि एक आप्पांच्या.

आप्पांनी लाडू खाल्ला नाही. आधी गोरक्षनाथला फोन लावायला सांगितला. "पोरीला दे," म्हणाले. "तिला सांगायचंय, चूक आजोबाची व्हती."

मित्रांनो, मी फार दमलो आहे. मला हार नको, कौतुक नको. एवढंच मागतो, जुनी वस्तू खोटी आहे असं म्हणण्याआधी तिच्यावर एक खरं वजन टांगून बघा. आणि सुई खरी निघाली, तर आप्पांसारखी आपली चूक मोठ्यानं कबूल करा. अजिनाथनं आज माझ्या कडीला तेलाचे दोन थेंब सोडले. मला कळलं.