गोळीनंतरचा अर्धा तास

"काही त्रास, मावशी? गिळताना, छातीत?"

"छे! लोखंड पचवीन मी," आई म्हणाली. डॉक्टरीणबाई हसल्या.

लेक हसली नाही. चार महिने दर बुधवारी आई ठिसूळ हाडांसाठीची ती गोळी घेत होती. गोळी एवढीशी, पण तिचे नखरे फार: उपाशीपोटी घ्यायची, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास पाठ टेकायची नाही. टेकली तर गोळी अन्ननलिकेत रेंगाळते नि आतून भाजून काढते. आईला हे सगळं पाठ होतं. विचारलं की शाळेतल्या पोरीसारखं घडाघडा म्हणून दाखवायची.

आणि गोळी घेतली की आडवी व्हायची.

लेकीला हे कसं ठाऊक? तिथेच तर घोडं पेंड खात होतं. नवरा कायम फिरतीवर, आणि तिची पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत सकाळची पाळी. साडेपाचला नऊ महिन्यांच्या गुंड्याला आईच्या हवाली करून ती निघायची. आईचा एक मणका आधीच चेपलेला. पोराला उचलताना दुसरा गेला तर? तोल जाऊन दोघं पडली तर? या धास्तीने तिने पुस्तकांच्या फळीवर बोटाएवढा कॅमेरा ठेवला होता. बसमध्ये बसून ती फोनवर घर बघायची. आईला पत्ता नव्हता. गेल्या बुधवारी आईने गोळी घेतली आणि तेवढ्यात गुंड्याने भोकाड पसरलं. आईने त्याला उचललं आणि सरळ पलंगावर पडली. तिच्या छातीवर पालथं पडल्याशिवाय बेट्याचा डोळा लागत नाही. त्याआधीच्या बुधवारीही तेच. आताशा आई पावसुद्धा दुधात भिजवून खायची आणि घासागणिक छातीवर मूठ दाबायची. विचारलं की म्हणायची, "घास मोठा झाला गं."

"मग हीच गोळी चालू ठेवू," म्हणत डॉक्टरीणबाईंनी पेन उघडलं.

सांगावं तर आपली चोरी उघडी पडणार, गप्प बसावं तर आईचं नरडं जळणार. पेन कागदाला टेकलं.

"ती आडवी होते," लेक म्हणाली. "गोळी घेतली की लगेच. आणि गिळताना तिला दुखतं."

आई गर्रकन वळली. "तू तर कामावर असतेस!"

"खोलीत कॅमेरा आहे, आई. मी फोनवर बघते."

डॉक्टरीणबाईंनी पेनाला टोपण लावलं.

"कधीपासून?" आईने विचारलं.

"चार महिने."

"म्हणजे मी कपडे बदलते तेही."

"आई, मी फक्त गुंड्यासाठी..."

"पगारी बाई ठेवली असतीस ना, तर तिला सांगून तरी लावला असतास."

"मावशी," डॉक्टरीणबाई मध्ये पडल्या, "दुखतं का?"

आई टेबलाकडे बघत म्हणाली, "काच गिळल्यासारखं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर हिने पोराला पाळणाघरात टाकलं असतं. मग मी काय, घरी बसून मणके मोजू?"

गोळी आजपासून बंद, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आधी दुर्बिणीने अन्ननलिका बघायची. मग दोन वाटा. एक, वर्षातून एकदा सलाईनमधून औषध. त्याआधी मूत्रपिंडाची, कॅल्शियमची तपासणी नि दातांची पाहणी, आणि नंतर एकदोन दिवस कदाचित ताप. दुसरी, दर सहा महिन्यांनी कातडीखाली इंजेक्शन. सोपं, पण तारीख चुकवायची नाही. मध्येच सोडलं तर हाडं झपाट्याने खचतात, एकामागून एक मणके जाऊ शकतात.

"इंजेक्शनच बरं," लेक घाईने म्हणाली. "तारखा मी फोनमध्ये..."

"तू बाहेर बस."

"आई..."

"हाडं माझी आहेत."

आवाज जरासुद्धा चढला नव्हता. लेक उठली.

बाहेर बाकावर तिला दाराच्या धुरकट काचेतून दोन आकृत्या दिसत होत्या. आईचा आवाज यायचा, शब्द नाही. एकदा आईने हात हलवला. हो की नाही, काहीच कळेना. घड्याळाचा काटा अकरा मिनिटं सरकला, तेव्हा दार उघडलं.

"वर्षाचं सलाईन," आई कागदाची घडी करत म्हणाली. "तुझ्या फोनच्या भरवशावर माझे मणके टांगायचे नाहीत मला. दुर्बीण परवा. ताप आला तर पोराला तू सांभाळ, रजा काढून."

"काढते. आणि नंतर? सांभाळशील ना त्याला?"

"विचार करून सांगते."

लेकीने हात पुढे केला. आईने तो घेतला नाही, जिन्याचा कठडा धरला आणि एकेक पायरी उतरू लागली. लेक लगबगीने तिच्या पुढे गेली आणि एक पायरी खाली राहून, तिच्याकडे तोंड करून, उलटी उतरत राहिली.