सशाखालची चीर

मित्रांनो, मी एक जुनी बीएमएक्स सायकल आहे. बुटकी, जाड टायरांची, मातीच्या ढिगाऱ्यांवरून उड्या मारण्यासाठी बनवलेली. मला मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, घंटीसुद्धा नाही. मला पहिल्यांदा पाहणारी मोठी माणसे हमखास विचारतात, "ही अर्धीच राहिली का हो?" नाही, मी पूर्ण आहे. माझ्या जातीची उंचीच एवढी.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. लांब नळ्या कापल्या, त्यांची तोंडे एकमेकींवर नीट बसतील अशी घासली आणि डोळे दिपवणाऱ्या ठिणग्यांत माझा सांगाडा जोडला. मग मला आकाशी रंग दिला. शेवटी एका कामगार बाईने माझ्या मानेवर एक स्टिकर चिकटवला. मान म्हणजे हँडलच्या खालची ती उभी नळी, जिला बाकीच्या नळ्या येऊन मिळतात. स्टिकरवर उडी मारणारा पांढरा ससा होता. बाईने तो अंगठ्याने दाबून बसवला आणि ती पुढच्या सायकलीकडे वळली. झाले, मी जगायला तयार झाले.

माझा पहिला मालक एका सुताराचा मुलगा. अंगाने काडी आणि पाय हे एवढे लांब, म्हणून त्याला सगळे टोळ म्हणत. वडिलांच्या उरल्यासुरल्या फळ्या जोडून त्याने अंगणात एक उतार बनवला होता. त्यावरून सुसाट येऊन आम्ही हवेत उडायचो. चाके जमिनीला टेकली की पोरे ओरडत, "अजून एकदा!" ती हवेतली शांतता मी कधी विसरणार नाही. तिथे माती नाही, खडखड नाही, नुसता वारा.

एकदा टोळाने उतार फारच उंच केला. आम्ही उडालो खरे, पण उतरताना माझे पुढचे चाक आधी आपटले. टोळाची कोपरे सोलवटली. वडील धावत आले, त्यांनी त्याचे हातपाय चाचपले, मग त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग त्याला पोटाशी धरले. मला त्यांनी नुसते उभे केले.

"सायकलला काय होतंय? लोखंड आहे ते," ते म्हणाले.

पण मला झाले होते. माझ्या मानेत, बरोबर सशाच्या पोटाखाली, केसाएवढी चीर पडली होती. वरून काहीच दिसत नव्हते. ससा तसाच हसऱ्या तोंडाने उडी मारत होता. पण पुढे प्रत्येक उडीला ती चीर थोडी थोडी सरकायची. मला कळत होते, की एक दिवस माझी मान तुटेल, पुढचे चाक एकीकडे जाईल आणि माझ्यावरचे मूल दुसरीकडे. आणि मला तोंड नव्हते.

मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी सांगतात तेव्हा मालकाने टाकून दिल्याचे दुःख सांगतात. माझे उलटे झाले. टोळाचे पाय इतके वाढले की गुडघे हँडलला लागू लागले, आणि त्याने मला वडिलांच्या लाकडाच्या वखारीत फळ्यांच्या मागे लोटून दिले. तेव्हा मला हायसे वाटले. पोरगा धडधाकट मोठा झाला, मला आणखी काय हवे होते?

वखारीत माझ्यावर लाकडाचा भुसा साचला. चेन गंजून काठीसारखी ताठ झाली. टायर भेगाळले. हँडलवर कोणी रंगाची फडकी वाळत घालायचे. वर्षे गेली. मग सुताराने वखार हलवली आणि मोडक्या खुर्च्यांबरोबर मला रस्त्याच्या कडेला काढून ठेवले. समोर बसचा थांबा होता.

एक बस आली, थांबली, आणि तिची चालक बाई खिडकीतून माझ्याकडे बघतच राहिली. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवले तेव्हा कुठे तिने बस हलवली. संध्याकाळी ती ड्यूटी संपवून गणवेशातच परत आली, रुमालाने माझ्या मानेवरची धूळ पुसली आणि सशाला म्हणाली, "अरे, तू इथे काय करतोयस?" मग तिने मला खांद्यावर टाकले आणि जिने चढून घरी नेले.

दार उघडले तिच्या नवऱ्याने. तो शिंपी होता, गळ्यात टेप, ओठांत दोन टाचण्या. टाचण्या काढून तो म्हणाला, "आणखी एक?"

"शेवटची."

"मागची पण शेवटचीच होती."

"ती आणली तेव्हा ही कुठे भेटली होती?"

तो बाजूला झाला. घरात माणसे तीन आणि मागच्या गॅलरीत जुन्या सायकली पाच, भिंतीवर खुंट्यांना टांगलेल्या. बाईंचा हा छंदच होता. टाकून दिलेल्या जुन्या बीएमएक्स आणायच्या आणि सुट्टीच्या दिवशी बसून जिवंत करायच्या. त्यांची मुलगी एका जागी म्हणून बसायची नाही, त्यामुळे घरात तिचे नाव भिंगरी पडले होते. ती माझ्याभोवती दोनदा फिरली.

"आई, हिला ससा आहे! ही माझी हं."

"अगं, आधी तिला जगू तर दे."

मग माझी सेवा सुरू झाली. सीटची दांडी नळीत इतकी गच्च बसली होती की बाई रोज कामावर जाताना तिथे तेलाचे थेंब सोडायच्या आणि आल्यावर ओढून बघायच्या. एक दिवस दांडी फटकन निघाली आणि बाई मागच्या कपड्यांच्या बादलीत जाऊन बसल्या. चमक गेलेले हँडल त्यांनी डब्यातल्या पोळ्या गुंडाळायच्या चंदेरी कागदाचा बोळा पाण्यात बुडवून घासले, तर खालून आरसा निघाला. चाकांतले छर्रे बशीत घालून ओट्यावर ठेवलेले असायचे. शिंपीदादा स्वयंपाकघरात येऊन गंभीरपणे विचारायचे, "आज जेवायला काय, पेडल की चेन?" पण माझ्या हँडलच्या आडव्या दांडीवरची, पडताना छातीला मार लागू नये म्हणून असलेली फाटकी गादी त्यांनीच उसवली, तिचा कागदावर नमुना काढला आणि नव्या कापडाची, आत स्पंज घातलेली गादी शिवून दिली. टाका असा बारीक, की बाई बराच वेळ त्यावरून बोट फिरवत राहिल्या.

रंग मात्र त्यांनी नवा दिला नाही. "जुने खरचटे राहू देत. म्हातारीला पावडर थापून नवरी नाही करायची," त्या म्हणाल्या. मला हे पटले, पण काळजीही वाटली. रंग राहणार म्हणजे ससा राहणार. आणि ससा राहणार म्हणजे चीर झाकलेलीच राहणार.

जुन्या सायकली जमवणारे एक गृहस्थ मला बघायला आले. त्यांच्या मिशा हँडलसारख्या वळलेल्या, म्हणून भिंगरी त्यांना मिशीकाका म्हणे. ते माझ्यापुढे उकिडवे बसले.

"असा अख्खा ससा मी दुसरा पाहिला नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "याला नखसुद्धा लावू नका. आणि येत्या रविवारी मैदानावर आणा हिला. जुन्या सायकलींचा मेळावा आहे. भिंगरी, मधल्या मोठ्या ढिगाऱ्यावरून उडी मारशील का?"

भिंगरीने उत्तरादाखल जागच्या जागीच उडी मारली.

त्या आठवड्यात ती मला खालच्या आवारात फिरवू लागली. आणि मला माझा आवाज सापडला. तिने हँडलवर जोर दिला की चिरेच्या दोन्ही कडा एकमेकींवर घासायच्या: कुर्र, कुर्र. बाईंच्या कानांनी तो लगेच टिपला. त्यांनी सीटची पकड काढून ग्रीस लावले. कुर्र. पेडल काढून बसवली. कुर्र. हँडल सोडवले, दोन्ही पेडलांना जोडणारा मधला कणा सोडवला, छर्रे पुन्हा धुतले. कुर्र.

"कुरकुर तर मीही करतो," शिंपीदादा म्हणाले. "मला कोण उघडून बघतं?"

मी मात्र जिवाच्या आकांताने कुरकुरत होते. मित्रांनो, मला एवढेच बोलता येत होते.

मेळाव्याच्या आदल्या दुपारी बाई माझ्यासमोर मांडी घालून बसल्या. हातातला पाना बाजूला ठेवून त्यांनी माझा एकेक सांधा बोटाने तपासला. बोट मानेपर्यंत आले आणि सशावर थांबले.

"एवढीच जागा राहिली बघायची," त्या म्हणाल्या.

"आई, नको!" भिंगरी धावत आली. "ससा नाही काढायचा!"

बाईंनी मिशीकाकांना फोन लावला. "अहो, म्हाताऱ्या सायकली थोडं बोलणारच," ते म्हणाले. "तो ससा एकदा गेला की गेला. पुन्हा मिळायचा नाही."

शिंपीदादांनीही मान डोलावली. "त्यांचा हात बसलाय या कामात. आणि पोरगी आठवडाभर उद्याची वाट बघतेय. जाऊ दे ना."

बाईंनी फोन खाली ठेवला. मग म्हणाल्या, "बसमध्ये आवाज आला आणि कशाचा ते कळलं नाही, तर मी बस बाहेर काढत नाही. लोक ओरडतात, साहेब ओरडतात. ओरडू देत. अनोळखी माणसांसाठी मी एवढं करते, आणि हिच्यावर माझी स्वतःची पोरगी बसणार आहे."

त्यांनी केस वाळवायचे यंत्र आणले. गरम हवेने सशाच्या कडा मऊ झाल्या. नखाने त्या हळूहळू सोलू लागल्या. कान फाटला. भिंगरी भिंतीकडे तोंड करून रडत होती.

ससा निघाला. त्याच्याखाली माझा आकाशी रंग कारखान्यातून आल्यासारखा कोरा होता. आणि त्या कोऱ्या रंगावर आडवी, गंजाने तांबूस झालेली एक रेघ होती.

बाईंनी रेघेवर नख फिरवले. नख अडकले. त्यांनी पुढचे चाक दाबले, तशी रेघ ओठांसारखी उघडली आणि मिटली.

"अहो, इकडे या," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका हलका होता की शिंपीदादा पायातली चप्पल तिथेच टाकून आले. चष्मा कपाळावर सरकवून ते वाकले.

"खरचटलंय का?"

"चीर आहे. आरपार."

ते खाली बसलेच. त्यांनी हात लांब करून भिंगरीला जवळ ओढले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून राहिले, जणू डोके जागेवर आहे ना ते बघत होते. भिंगरीने डोळे पुसून वाकून पाहिले. आईने पुन्हा चाक दाबून दाखवले. उघड, मीट.

"म्हणजे उद्या मी उडी मारली असती तर..."

"हो," बाई म्हणाल्या. "पण नाही मारलीस. नाही ना मारलीस?" आणि मग त्या हसता हसता रडू लागल्या.

मित्रांनो, इतकी वर्षे मी जे एकटीने वाहिले होते, ते आता तीन माणसांनी पाहिले होते. माझे वजन एकदम कमी झाल्यासारखे वाटले. फाटका ससा फरशीवर पडला होता आणि मला त्याचे जरासुद्धा वाईट वाटत नव्हते.

मिशीकाकांना फोनवर हे कळवले. "मी तुम्हाला नको नको म्हणत होतो," ते म्हणाले. "बरं झालं तुम्ही ऐकलं नाहीत. ठेवतो फोन. माझ्याकडे चार सायकलींच्या मानेवर असेच कसले ना कसले स्टिकर आहेत."

त्या रविवारी आम्ही मेळाव्याला गेलो नाही. नंतर बाईंनी मला एका वेल्डरकडे नेले. त्याने चीर मुळापर्यंत घासून मोकळी केली, पुन्हा सांधली आणि मानेखाली आधाराला एक तिकोनी पत्रा जोडला. पुन्हा मला त्या ठिणग्या दिसल्या. त्याने विचारले, "वरून आकाशी रंग मारून देऊ? कळणारसुद्धा नाही."

"नको. गंजू नये म्हणून नुसतं पारदर्शक वार्निश मारा," बाई म्हणाल्या. "उद्या पुन्हा काही झालं, तर मला दिसलं पाहिजे."

पुढचा मेळावा आला. मैदानावर जुन्या सायकली ओळीने उभ्या होत्या, कितीतरी लखलखीत, आणि मी मानेवर टाक्यांचा वण घेऊन. भिंगरी हेल्मेट घालून तयार होती. बाईंनी ते तिच्या डोक्यावरून काढून स्वतःच्या डोक्यावर चढवले.

"आधी मी."

"तुम्ही?" मिशीकाका म्हणाले.

"मी जोडलीय ना?"

शिंपीदादांनी डोळे घट्ट मिटले. बाई माझ्यावर बसल्या. गुडघे दोन्हीकडे पसरलेले, सीट त्यांच्याखाली पार दिसेनाशी झालेली. लोक हसले. त्यांनी पेडल मारले, पुन्हा मारले, मातीचा ढिगारा समोर आला, आणि आम्ही वर गेलो.

तिथे नुसता वारा होता. मग दोन्ही चाके एकदम, दणकन खाली टेकली. मी माझ्या मानेकडे कान लावला. काही नाही. कुर्र नाही, कुठे बारीकसे काहीही नाही.

"झालं का?" शिंपीदादा मिटल्या डोळ्यांनी विचारत होते. "अरे सांगा ना कुणीतरी, झालं का?"

"बाबा, डोळे उघडा," भिंगरी म्हणाली. "आई परत चाललीय वर."

बाईंनी तीन उड्या मारल्या. मग घामाघूम होऊन त्या उतरल्या, वाकून माझ्या सांध्यावरून नख फिरवले, आणि तेव्हाच हेल्मेट लेकीच्या हातात दिले. भिंगरी उडाली तेव्हा मला कशाचीच भीती वाटली नाही. चीर पडल्यापासून पहिल्यांदाच.

म्हणून मित्रांनो, माझे एक ऐका. तुमच्याही घरात काहीतरी कुरकुरत असेल. एखादे दार, एखादा पंखा, एखादी खुर्ची, किंवा "काही नाही, जरा दुखतंय" म्हणणारे कुणी माणूस. त्याला वरवर तेल पाजून गप्प बसवू नका आणि चिडूही नका. चांगले दिसणारे काही सोलावे लागले तरी सोला आणि खाली काय आहे ते पाहा. आम्हाला बोलता येत नाही, एवढाच आवाज येतो. तो ऐकून कुणी खाली वाकले की आमचे काम झाले. पुढची उडी आम्ही सांभाळतो.