निळी तार

स्विच मी बसवला. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचून तुम्ही सगळ्या शिव्या माझ्या धाकट्या भावाला घालाल, आणि त्यातल्या काही माझ्या वाट्याच्या आहेत.

मी गाड्यांचा इलेक्ट्रिशियन. दुकान वडिलांचं, त्यावरच्या खोलीत मी एकटा राहतो. लग्न करायचं राहून गेलं. धाकटा, त्याचं कुटुंब आणि आई समोरच्या वसाहतीत, पाच नंबरच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. दुकान मात्र आम्ही दोघं मिळून चालवतो. गल्लीत गॅरेजवाले, टायरवाला, रंगवाला अशी एकूण नऊ दुकानं, आणि वसाहतीच्या समितीनं ठराव केला की ही गल्ली पाडून इथं पार्किंगची इमारत बांधायची. तो ठराव मोडायचा तर रविवारच्या मतदानाला निम्म्याहून जास्त घरांनी यायला हवं होतं. नाही आले, तर ठराव कायम आणि दुकान जमीनदोस्त. म्हणजे लोकांनी आमच्या विरोधात जायचीसुद्धा गरज नव्हती. रविवारी ते पंख्याखाली लोळत पडले असते तरी आमचा बाजार उठला असता.

म्हणून मंगळवारी आमच्या जुन्या गाडीच्या टपावर दोन कर्णे चढवले आणि डिकीत अ‍ॅम्प्लिफायर ठेवला. मागच्या सीटवर बसून माइकवर मी बोलायचं, गाडी धाकट्यानं चालवायची, असं ठरलं.

"दादा, एक स्विच टाक ना," तो म्हणाला. "दवाखान्यापुढून जाताना बंद करता आलं पाहिजे. नाहीतर लोक आपल्यालाच नावं ठेवतील."

मला कौतुक वाटलं. म्हटलं, चला, याला अक्कल आली.

अ‍ॅम्प्लिफायरला बॅटरीपासून एक जाड तार जाते. ती कायम जिवंत असते, पण नुसत्या तिच्यावर तो जागा होत नाही. त्याला जागं करते एक बारीक निळी तार, गाडीतल्या टेपकडून येणारी. टेप चालू झाला की तिच्यातून करंट येतो आणि अ‍ॅम्प्लिफायर उठतो. हातानं चालू-बंद करायचं तर ही निळी तार तोडायची आणि मध्ये स्विच घालायचा. जाड तारेत स्विच घालणारे महाभाग मी पाहिलेत. स्विच वितळला की गाडी घेऊन माझ्याकडेच येतात.

डिकीतून निळी तार मी आत सारत होतो आणि धाकटा पुढं डॅशबोर्डखाली उताणा पडून ओढत होता. "सोड," तो म्हणायचा. "ओढ," मी म्हणायचो. तार ओढायचं काम दोघांचंच. पंचवीस वर्षं आम्ही ते असंच करत आलो. स्विच त्यानं सांगितला तिथं बसवला, स्टिअरिंगच्या खाली, त्याच्या गुडघ्याजवळ. वर एक इवलासा लाल दिवा. मागून मला दिसायचं कारणच नव्हतं.

आणि इथं माझी अक्कल पेंड खायला गेली. अ‍ॅम्प्लिफायर होता फक्त टपावरच्या कर्ण्यांसाठी. गाडीच्या आतले स्पीकर थेट टेपवर चालत होते, आणि माइकही टेपलाच जोडलेला. स्विच बंद केला की बाहेर चिडीचूप आणि आत मात्र माझा आवाज घुमत राहणार. हे मी दिवसातून दोन गिऱ्हाइकांना समजावून सांगतो. पण स्वतःच्या गाडीत, स्वतःच्या भावामागं बसलेला माणूस असल्या गोष्टी तपासत नाही. त्यात हॉर्न वाजवून बघण्यात माझा डावा कान केव्हाच कामातून गेलाय, आणि धूळ येते म्हणून धाकट्यानं काचा वर ठेवल्या होत्या.

बुधवारपासून रोज दोन फेऱ्या. मी जीव तोडून बोललो. ही गल्ली गेली तर भर पावसात बंद पडलेली गाडी कुठं ढकलत नेणार, बाबांनी तुमच्यापैकी कितीजणांच्या स्कूटर उधारीवर चालू करून दिल्या, सगळं सांगितलं. गुरुवारी संध्याकाळी आईकडं गेलो तर ती पाण्याचा पेला हातात देत म्हणाली, "छान बोललास रे आज. घरबसल्या सगळं ऐकू आलं." त्या एका वाक्यावर मी शुक्रवारी घसा बसेपर्यंत बोललो.

शनिवारी दुपारी सात नंबरमधली शिवणकामवाली मावशी स्कूटरचा हॉर्न दाखवायला आली. धाकटा जेवायला घरी गेला होता.

"तुझं काय चाललंय रे?" ती म्हणाली. "रोज आमच्या खिडकीखालून गाडीतून जातोस, तोंड हलवतोस, हात हलवतोस. गाणी म्हणतोस की काय? माझी सून म्हणते, मिस्तरींचं डोकं फिरलं."

"मावशी, मतदानाचं सांगतोय मी."

"कसलं मतदान?"

मी हसलो. मावशीला कमी ऐकू येत असेल, असं स्वतःलाच समजावलं. पण सकाळच्या फेरीहून येऊन आम्हाला पाच मिनिटंही झाली नव्हती. उठलो, डिकी उघडली आणि अ‍ॅम्प्लिफायरवर हात ठेवला. दोन तास कर्णे वाजवलेल्या अ‍ॅम्प्लिफायरवर हात ठेवून दाखवावा कुणीही. चटका बसून मागं येतो. हा थंडगार होता.

तरी मी धाकट्याची बाजू घेत होतो. फ्यूज उडाला असेल. पाहिला, शाबूत. जोड सुटला असेल. नव्हता सुटला, माझे जोड सुटत नाहीत. मग पुढं जाऊन टेप लावला, गुडघ्याजवळचा स्विच दाबला, लाल दिवा लागला आणि कर्णे खणखणीत बोलले. बंद केला, बाहेर शांत, आतले स्पीकर चालूच. मला रडू आलं. रागाचं होतं, पण रडूच होतं. ज्याला मी हाताला धरून शाळेत सोडलं, त्यानं माझ्याच स्विचनं माझा गळा दाबला होता. आईचं ते "ऐकू आलं"सुद्धा आठवलं. म्हटलं, आईच ती, मला बरं वाटावं म्हणून म्हणाली असेल.

मावशीला हॉर्न दुरुस्त करून दिला आणि डॅशबोर्डखाली शिरलो. निळ्या तारेची दोन्ही टोकं स्विचवरून काढून एकमेकांना जोडली, वरून चिकटपट्टी गुंडाळली. स्विचला फक्त लाल दिव्यापुरता करंट ठेवला. आता तो दाबला तर दिवा लागेल, विझेल. कर्ण्यांना काही फरक पडणार नाही.

पाच वाजता शेवटची फेरी. "आज पुरे की, दादा," धाकटा म्हणाला, "घसा बसलाय तुझा." मी म्हटलं, एकच फेरी मारू. गल्लीतून निघताना त्यानं रोजच्यासारखा स्विच चालू ठेवला होता. तिथं सगळे आमचेच होते, चार दिवस त्यांना मी ऐकू येतच होतो. वसाहतीचं फाटक आलं आणि माझ्या चांगल्या कानाला टक् असं ऐकू आलं. लाल दिवा विझला असणार. पाच नंबरपर्यंत मी एक शब्द बोललो नाही.

"बोल ना," तो म्हणाला.

मी माइक त्याच्या सीटच्या पाठीला लावून धरला. "का केलंस?"

"काय?"

"स्विच. चार दिवस."

तो आरशात बघत राहिला. गाडी जवळजवळ थांबलीच होती. मग म्हणाला, "तो माइक बाजूला ठेव आधी."

"राहू दे की. बाहेर थोडंच जातंय? तू बंद केलंयस ना."

हे मी मुद्दाम केलं. त्याला त्याच्याच इमारतीखाली उघडं पाडायचं, एवढंच तेव्हा डोक्यात होतं.

"मग ऐक," तो म्हणाला. "समितीनं मला नव्या इमारतीत खाली काचेचं दुकान द्यायचं कबूल केलंय. माझ्या नावावर. पंचवीस वर्षं मी कोण आहे तिथं? पाना दे, तार ओढ, चहा सांग. बाबांचं दुकान, बाबांचं दुकान! बाबा गेले आणि तू त्यांच्या खुर्चीत बसलास. मला विचारलंस कधी, तुला काय करायचंय म्हणून?"

"तू मला सांगायचंस."

"तुला? आई म्हणाली, त्याला विचारू नकोस, तो नाहीच म्हणेल."

"आईला यात ओढू नकोस. तिला काही ठाऊक नाही."

"ठाऊक नाही?" तो हसला. "गुरुवारी तुला म्हणाली ना, सगळं ऐकू आलं? काय ऐकू आलं तिला? स्विच बंद होता, दादा! तूच बघ काय ते. तिनंच सांगितलं, दुकान जाऊ दे एकदाचं, म्हणजे तो गपचूप घरी येईल राहायला."

मी माइक खाली घेतला, पण उशीर झाला होता. समोर सगळ्या गॅलऱ्या भरल्या होत्या. धाकट्यानं ते पाहिलं, मग गुडघ्याजवळचा स्विच पाहिला आणि दोनदा उगाच खालीवर केला. दिवा लागला, विझला. त्यानं माझ्याकडं वळून बघितलं नाही. तिसऱ्या मजल्यावर आई कठड्याला धरून उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला आणि ती आत गेली.

रविवारी लोक आले. आमची बाजू पटली म्हणून काही, मावशीसारखे माझी दया येऊन काही, आणि पुष्कळसे तमाशा पुढं कुठवर जातो ते बघायला. निम्म्याच्या कितीतरी वर आकडा गेला. ठराव मोडला, गल्ली राहिली. टायरवाल्यानं मला मिठी मारली. धाकटा मत द्यायला आला नाही, आईही आली नाही.

मीच संध्याकाळी वर गेलो. दार आईनं उघडलं, पण आत ये म्हणाली नाही.

"सगळ्या वसाहतीसमोर, रे?" ती म्हणाली. "घरातलं घरात विचारायचं होतंस."

"घरातलं मला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं, आई."

आत धाकट्याच्या खोलीचं दार बंद होतं. मी उंबऱ्यावरूनच परत आलो.

तो स्विच मी काढून टाकला. धाकटा आता दुसरीकडं कुठंतरी कामाला जातो. परवा एक गिऱ्हाईक आलं, नवी गाडी, डिकीत अ‍ॅम्प्लिफायर बसवून हवा होता. मी डिकीतून निळी तार आत सारली आणि सवयीनं म्हणालो, "ओढ." पुढं कुणी नव्हतं. मग हातातली तार तिथंच ठेवली, गाडीला वळसा घालून पुढं गेलो, डॅशबोर्डखाली उताणा पडलो आणि तिचं टोक हातानं चाचपत राहिलो.