सत्काराचे पेढे

सत्कार म्हनलं की मी उठून जातो. शाल दिसली तरी तोंड फिरवतो. का, ते सांगतो.

मी भोकरदनच्या मोंढ्यात धान्याची पोती उचलनारा हमाल. शाळा चौथीपस्तोर. शेजारच्या कांताबाईची पोरगी साक्षी बारा वर्साची असताना अर्धी गोनी सहज उचलायची, म्हनून मीच तिला तालमीच्या शेडात लोखंड धरायला लावलं. तिनं मोबाईलवर कुठल्यातरी बेटावरची पोरगी वजन उचलताना पाह्यली. "मामा, हिचा सारा देश आपल्या तालुक्याएवढा बी न्हाई, अन् ही जगात उतरली!" झालं. सात वर्सं पोरीला दुसरं काही सुचलं न्हाई.

औंदा जालन्यात राज्याच्या संघाची निवड. गट अठ्ठेचाळीस किलोचा. आधी पोरीलाच काट्यावर उभं करतात, जरा जास्त भरली की बाहेर. आदल्या दुपारपासून तिनं पानी सोडलं. निघताना पाह्यलं, शंभर ग्रॅम कमी. बराबर.

राजूरच्या चौकात जीप अडवली. ढोल, मंडप, अन् पुढारी अण्णासाहेब. बॅनरवर ह्यांचं तोंड टरबुजाएवढं, पोरगी कोपऱ्यात तिकिटाएवढी.

"ये गं वाघिनी! तोंड गोड कर."

"साहेब, वजन द्यायचंय. येताना खाते."

"आगं, पेढ्यानं कुठं वजन वाढतं? उचलायला ताकद नको का?"

लोक हसले. साक्षीनं माझ्याकडं पाह्यलं. अन् मी, सात वर्सं तिच्या खान्यावर नजर ठेवनारा, काय म्हनलो? "खाय एक. मोठ्या मानसाचा मान ठिव."

एक खाल्ला. फोटो हलला म्हनून दुसरा. मंग सरपंचाचा, मंग युवा मंडळाचा. वरून लस्सीचा गिलास, "माझ्या हातानं घे," व्हिडिओ चालू. पोरीच्या डोळ्यात पानी आलं तर म्हने आनंदाश्रू. थू!

जालन्यात काटा म्हनला, अठ्ठेचाळीस किलो तीनशे ग्रॅम.

"तासाभरात उतरवा," काट्यावरच्या बाई म्हनल्या.

दोन जाकिटं घालून पोरगी उन्हात मैदानाला चकरा मारून राह्यली. तोंडात थुंकी बी न्हाई. मी मागं धापा टाकत. शेवटच्या मिनिटाला परत काट्यावर. ऐंशी ग्रॅम जास्त. बाईंनी नावावर काट मारली.

पायरीवर बसलो तर अण्णासाहेबांचा फोन. "कितवी आली? बॅनर छापायचाय."

साक्षीनंच घेतला. "साहेब, उचलायला मिळालंच न्हाई. तुमच्या पेढ्यानं वजन वाढलं."

तिकडं मानूस हसला. "असू दे गं. पुढच्या साली याच्याहून मोठा सत्कार करू."

तिनं फोन माझ्या हातात दिला. "त्यांचं सोडा मामा. तुमाला काय झाल्तं हो न्हाई म्हनायला?"

मी फोन बंद करून खिशात घातला. ती उठून आत गेली अन् आपल्या गटाच्या पोरी बघत उभी राह्यली. त्यात जी पहिली आली, तिनं उचललं त्याच्याहून चार किलो जास्त साक्षी आमच्या शेडात रोज उचलते. मी बाहेरच बसलो. आत जायला तोंड कुठं होतं?