धाकट्याचा दाखला

अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांनी माझ्यावर पुष्कळ लिहिलं. एकाने लिहिलं, रादामेस रेनोसो बत्तिसाव्या वर्षीच म्हातारा झाला, गुडघे गेले, पाठ गेली, नक्की रात्रभर नाचत असणार. अरे शहाण्या, बत्तीस कुठले, तेव्हा मी छत्तिशीचा होतो. आणि रादामेस हे माझं नावही नव्हे. रादामेस माझा धाकटा भाऊ. मी बासिलिओ.

आता हे सांगायला माझं काय जातंय? खेळून झालं, पैसे मिळून झाले. जेव्हा सांगायला हवं होतं तेव्हा तोंड शिवून बसलो, तेच सांगायचंय.

अमेरिकेच्या खाली समुद्रात आमचं बेट, तिथे साखर कारखान्याची आमची मजूर वस्ती. चारी बाजूंनी ऊस. बाप गेला तेव्हा मी पंधरा वर्षांचा, रादामेस अकराचा. मी शाळा सोडली आणि ऊसतोडीच्या टोळीत गेलो. पाच वर्षं तोडला, ओढला, भरला. अंगात जी ताकद आली ती तिथली, कुठल्या व्यायामशाळेतली नव्हे. रविवारी बेसबॉलच्या मैदानावर उभा राहायचो आणि चेंडू मारायचो. दुसरं काही येत नव्हतं मला. पळायला जड, झेल घ्यायला धांदरट. पण चेंडू बॅटच्या मधोमध बसला की सरळ फडात. मग तो शोधायला कोणी जाईना, कारण उसाची पानं अंग कापतात. सगळे मला शिव्या घालायचे.

रादामेसचं वेगळंच. काडी पैलवान. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभा राहायचा आणि तिथून चेंडू जाऊ द्यायचा नाही. आम्ही पाण्याच्या जारची झाकणं फेकून केरसुणीच्या दांड्याने खेळायचो. ते झाकण हवेत कसं वळेल याचा भरवसा नसतो. हा पठ्ठ्या ते उलट्या हाताने पकडायचा, वर जांभई द्यायचा. जळायचो मी त्याच्यावर, खोटं कशाला बोलू.

आमच्याकडे अमेरिकन क्लबवाले सोळा-सतरा वर्षांची पोरं घेतात. अठरा म्हणजे उशीर झाला, वीस म्हणजे शिळा भात. माझा खेळ जगाला दिसला तेव्हा मी विशीला टेकलो होतो. तोरिबिओ म्हणून एक माणूस होता. वस्त्यांमधून पोरं हेरायची, त्यांना खाऊ घालून तयार करायची, क्लबला दाखवायची आणि आपला हिस्सा घ्यायचा, हा त्याचा धंदा. त्याने मला चार चेंडू मारताना पाहिलं, वय विचारलं आणि कपाळावर हात मारला. मग घरी येऊन आईच्या ओट्यावर बसला, उकडलेल्या केळ्यांचं भरीत दोनदा मागून खाल्लं आणि म्हणाला, ‘‘बाई, तुमच्या धाकट्याचा जन्माचा दाखला आहे ना घरात?’’

यात कोणाला पाप वाटत नव्हतं. वस्तीत चार-पाच घरांनी असंच केलं होतं. कोणी चुलतभावाचा दाखला घेतला, कोणी मेलेल्या शेजाऱ्याचा. रादामेस सोळाचा होता, त्याचा दाखला माझा झाला, माझा त्याचा. आईने त्याला विचारलं होतं, असं ती मरेपर्यंत सांगायची. विचारलं कसलं, सांगितलं. म्हणाली, ‘‘यानं पाच वर्षं ऊस ओढला म्हणून तू शाळेत गेलास.’’ तोरिबिओ म्हणाला, दोन वर्षांत तुझ्यासाठी नवा दाखला करून आणतो. रादामेसने मान हलवली आणि मला म्हणाला, ‘‘माझं नाव घेऊन चेंडू सोडू नकोस म्हणजे झालं.’’ आम्ही सगळे हसलो.

इथपर्यंत दोष वाटून घेता येतो. थोडा आईचा, थोडा तोरिबिओचा, थोडा गरिबीचा. पुढचं मात्र एकट्या माझं आहे.

पंधरा दिवसांनी अमेरिकन क्लबचा माणूस मला बघायला आला. उंच, गोरा, नाक सोललेलं, स्पॅनिश आमच्यासारखं सफाईने बोलणारा. मी मारत होतो आणि चेंडू अडवायला तोरिबिओने वस्तीतली चार जणं मैदानात उभी केली होती, त्यांत रादामेस. मी एक चेंडू असा ठोकला की तो जमिनीवरून सापासारखा सुटला. रादामेस डावीकडे झेपावला, चेंडू घेतला आणि गुडघ्यावर असतानाच पहिल्या बेसला फेकला. आडवी रेघ मारावी तसा गेला तो. गोऱ्याने वहीतून मान वर केली. पुढचे सात-आठ चेंडू तो माझ्याकडे बघतच नव्हता.

मग तो माझ्याजवळ आला. तोरिबिओ लांब होता, आई तर घरीच. आम्ही दोघंच. त्याने विचारलं, ‘‘तो मधे उभा असलेला मुलगा कोण?’’

मी म्हटलं, ‘‘माझा भाऊ.’’

‘‘वय काय त्याचं?’’

त्या एका क्षणात मला सगळं दिसत होतं. सोळा म्हटलं तर तो रादामेसला घेईल, आणि सोळा वर्षांचा रादामेस रेनोसो म्हणून आपण ज्याला बघायला आलो तो मग कोण, असं विचारेल. माझा खेळ खल्लास. पुन्हा कोयता, पुन्हा फड. पण एवढं म्हणता आलं असतं की आईला विचारा, तोरिबिओला विचारा. नुसते खांदे उडवले असते तरी चाललं असतं. त्याने दुसऱ्याला विचारलं असतं, कदाचित काही मार्ग निघाला असता. मी कोणाच्या सांगण्यावरून नाही, धाकामुळे नाही, आपल्या तोंडाने म्हणालो, ‘‘वीस. माझ्याहून चार वर्षांनी मोठा आहे.’’

गोऱ्याने रादामेसकडे पुन्हा एकदा पाहिलं. ‘‘विसाच्या मानाने फारच किरकोळ आहे,’’ म्हणाला आणि वही मिटली. त्याच आठवड्यात माझी सही झाली.

रादामेसला हे माहीत नाही, असं मी कैक वर्षं धरून चाललो होतो.

पुढचं तुम्हाला ठाऊकच असेल, बेसबॉल बघत असाल तर. सहा वर्षं खालच्या संघांतून बसचे धक्के खाल्ले, मग वर आलो. चेंडू प्रेक्षकांत टाकायचा, एवढंच माझं काम. तीनदा बाद झालो तरी चालेल, चौथ्यांदा भिंतीपलीकडे गेला पाहिजे. लोक उठून नाव घ्यायचे. चाळीस हजार माणसं एका सुरात ‘रा-दा-मेस, रा-दा-मेस’ करायची, आणि मला कोणी दुसऱ्यालाच हाक मारतंय असं वाटायचं. पहिली दोन-तीन वर्षं. नंतर ते वाटणंही गेलं, आणि मला वाटतं तेच जास्त वाईट झालं.

तोरिबिओ नवा दाखला आणणार होता, तो त्याच साली दुसऱ्या गावाला पसार झाला. रादामेस कागदावर वीस, मग एकवीस. पुढच्या शाळेत नाव घालायला गेला तर कारकून म्हणाला, बाप्या माणसा, तुझं काय काम इथे? तो कारखान्यात वजनकाट्यावर लागला. कारखाना बंद पडला तेव्हा मी पाठवलेल्या मोटरसायकलवर गावातल्या बायकांना बाजारात सोडायला लागला. मी घर बांधून दिलं, त्याने घेतलं. फ्रिज पाठवला, घेतला. कधी नाही म्हणाला नाही, कधी फोनवर आवाज चढवला नाही. एकदा तरी त्याने मला कचकचीत शिवी घालायला हवी होती. मी वाट बघत होतो.

मी वर आलो त्याच वर्षी व्हिसाची तपासणी कडक झाली. एक माणूस कागदपत्रं घेऊन वस्तीत आला आणि घरोघर विचारत सुटला. सगळी वस्ती पढवलेली होती. किराणावाला, पाद्री, म्हाताऱ्या, सगळे एकच सांगत होते. आई तर तेव्हापासून घरातसुद्धा मला रादामेस म्हणायला लागली, जीभ घसरू नये म्हणून. शेवटी तो माणूस रादामेसकडे आला आणि माझा फोटो दाखवला. त्या दिवशी तो एक शब्द बोलला असता तर मी पुढच्या विमानाने परत आलो असतो. त्याने फोटो हातात घेतला आणि हसून म्हणाला, हा माझा धाकटा भाऊ, याला लहानपणी मी कडेवर घेऊन फिरलोय. हे मला किराणावाल्याने सांगितलं. रादामेसने आपल्या तोंडाने कधी सांगितलं नाही.

आई गेली तेव्हा मी हंगाम सोडून आलो. दोन दिवस तिला शुद्ध होती. माझा हात धरून रादामेस, रादामेस म्हणत राहिली. रादामेस पलंगाच्या दुसऱ्या बाजूला उभा होता. त्याला ती बासिलिओ म्हणाली, पाणी दे म्हणाली. त्याने दिलं.

मी खेळ सोडला त्याच्या दुसऱ्या वर्षी जुन्या मैदानाची डागडुजी झाली. नवी जाळी, सिमेंटच्या पायऱ्या. अर्धे पैसे माझे होते. गावाने ठरवलं, नाव द्यायचं रादामेस रेनोसो मैदान. रविवारी सकाळी समारंभ, राजधानीतून मोठे साहेब येणार. मी मनाशी पक्कं केलं, की आता पुरे. तिथे उभा राहून सगळं सांगायचं. कोणी काढून घेईल असं आता माझ्याकडे काही उरलं नव्हतं.

शुक्रवारी त्याच्या अंगणात बसलो होतो. त्याची बायको दुकानात गेली होती आणि आम्ही दोघं तुरीच्या शेंगा सोलत होतो. मी त्याला सांगितलं, रविवारी खरं बोलणार आहे. आणि मग ते गोऱ्याचंही सांगितलं. वीस म्हणालो ते.

त्याने हातातली शेंग पूर्ण सोलली. म्हणाला, ‘‘ठाऊक आहे मला. मी चेंडू गोळा करत तिसऱ्या बेसच्या बराच अलीकडे आलो होतो. तुला काय वाटलं, मला ऐकू येत नाही?’’

मी म्हटलं, ‘‘मग बोलला का नाहीस लेका? इतकी वर्षं?’’

‘‘काय बोलायचं होतं?’’

‘‘शिव्या तरी घालायच्या.’’

‘‘तुला बरं वाटावं म्हणून?’’ असं तो म्हणाला, रागाने नाही, वजनकाट्यावर आकडा सांगावा तसं. मग शेंगांची टोपली माझ्याकडे सरकवली. ‘‘हे बघ, रविवारी तू काही बोलायचं नाहीस. मी वर्षानुवर्षं टीव्हीसमोर बसलो. तू चेंडू उडवलास की खाली माझं नाव यायचं. बायकोला सांगायचो, बघ, मी मारला. ती हसायची. तू तिथे सांगितलंस की तो मी नव्हेच, तर ते सगळे होमरन कोणाचे? ना तुझे, ना माझे. नाव नेलंस ते नेलंस. आता तेवढे तरी राहू दे.’’

मी हो म्हटलं. माझ्या मनावरचं ओझं उतरवायला मी त्याच्या घरातून आणखी एक वस्तू उचलायला निघालो होतो.

रविवारी मैदान भरलं होतं. साहेब आले, पाद्र्याने पाणी शिंपडलं, शाळेच्या मुलींनी नाच केला. मी पहिल्या रांगेत, रादामेस माझ्या मागे दुसऱ्या रांगेत, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून. निवेदक राजधानीचा होता, त्याला काही माहीत नव्हतं. त्याने आवाज चढवत चढवत सांगितलं, याच मातीत जन्मलेला, याच मैदानावर वाढलेला, आपल्या आईचा धाकटा मुलगा, रादामेस रेनोसो!

मी उठलो, हात वर केला. वीस वर्षांची सवय. लोकांचा आवाज मधेच कमी झाला म्हणून मी मागे वळून पाहिलं. रादामेस उभा होता. अर्धवट नाही, ताठ, सरळ उभा. हात अंगाशी, हनुवटी वर. वस्तीतली सगळी म्हातारी माणसं त्याच्याकडे बघत होती आणि कोणीच टाळी वाजवत नव्हतं. मग त्याला माझा वर केलेला हात दिसला. तो खाली वाकला, खुर्चीचा पाय अडकल्यासारखी खुर्ची मागे सारली आणि बसला. बसल्यावर सगळ्यांच्या आधी त्याने टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

माइक माझ्या हातात दिला. बोलायला वेळ होता. मी वचन दिलंय, असं मी स्वतःला सांगत होतो, आणि ते खरंही होतं. पण त्याचे पाय काय म्हणाले ते मी आत्ताच पाहिलं होतं. मी साहेबांचे आभार मानले, पाद्र्याचे मानले, गावाचे मानले. मग म्हणालो, ज्याने लहानपणी माझ्यासाठी चेंडू अडवले, तो माझा थोरला भाऊ बासिलिओ इथे आहे, आणि त्याच्याकडे बोट दाखवलं.

निवेदक म्हणाला, बासिलिओ, उभे राहा, लोकांना दिसू द्या. या वेळी त्याला उठायला बराच वेळ लागला.