औषधाचा रकाना

माह्या पोरीले किडनी द्याची होती आन मधात आडवं आलं माह्यंच वजन. चौऱ्यांशी किलो. नागपूरच्या डॉक्टरनं तोंडावर सांगतलं, "बाई, तुमची किडनी जुळते, बाकी तब्येत चांगली आहे. पण पंच्याहत्तरवर आल्याशिवाय मी तुम्हाला टेबलावर घेणार नाही. चार महिने देतो."

नंदिनी चोवीस वर्षाची. दर मंगळवारी आन शुक्रवारी चंद्रपूरले मशीनवर जाते, चार तास रक्त धुवून घेते आन घरी आली का भिंतीकडं तोंड करून पडते. तिच्या बापाले, खुशालले, शुगर आहे. त्याची किडनी चालत नाई. राह्यली मी एकटी. नऊ किलोचा तं प्रश्न होता, बाप्पा!

आन त्या नऊ किलोसाठी गल्लोगल्ली डॉक्टर पैदा झाले. पह्यले सगळ्यायनं एकच रट लावली, भात सोड. अरे, आपण धानाच्या मुलखातले माणसं! माह्या आजानं जलमभर दोन्ही टाइम भात खाल्ला आन मेला तवा अंगावर मूठभर मास नव्हतं. पण पोरीचा जीव टांगला असला का माणसाचं डोस्कं काम करत नाई. मी भात सोडला. कोणी म्हणे सातच्या आत जेव, नाई तं सगळ्याची चरबी होते. कोणी म्हणे केळं पाहू नको. कोणी म्हणे कोमट पाण्यात मध घे, चरबी वितळते. चरबी काय मेणबत्ती आहे काय व? पण मुकाट्यानं घेतला, सकाळी दोन मोठे चमचे, संध्याकाळी दोन.

शेजारची धुरपता मोहफुलाचे लाडू घेऊन आली. "सत्यशीलाबाई, अंग घटू दे, पण ताकद घटली नाई पाह्यजे. जंगलचं आहे, औषधच समज." रोजचे चार लाडू ठरले.

आन सगळ्यायच्या वरताण तो गोपाल. वरोऱ्याले त्याचा वजन घटवाचा क्लब आहे. महिन्याले दहा किलो, गॅरंटी! सकाळ-संध्याकाळ डब्यातली पावडर पाण्यात घोळून प्याची, दुपारी काकडी आन भाजी. वजन कायच्यासाठी घटवाचं आहे ते मी त्याले साफ सांगतलं होतं. तं म्हणते कसा, "ताई, किडनीले तं उलट फायदाच होईन." हे त्याचं बोलणं मी मरेपर्यंत विसरत नाई. घेतला मी डबा.

मी वीस वर्षापासून अंगणवाडी सेविका आहो. वजन करणं आन लिहिणं, हेच माह्यं काम. म्हणून स्वतःचीबी वही केली, अंगणवाडीच्या रजिस्टरसारखी. एका रकान्यात आहार, दुसऱ्यात औषध. जे तोंडात गेलं ते लिहिलं. एक अक्षर खोटं नाई.

दोन महिने उपाशी राहून नागपूरले काट्यावर उभी झाली. त्र्याऐंशी! दोन महिन्यात एक किलो. आन वरून रक्ताच्या तपासणीत क्रिएटिनिन वाढलेलं. किडनी कशी चालते ते त्या आकड्यावरून समजते. डॉक्टरनं इचारलं, काय घेता? मी पिशवीतून डबा काढून टेबलावर ठेवला.

"हे आजपासून बंद," तो म्हणला. "महिन्याभरानं पुन्हा तपासू. आकडा खाली आला नाही तर तुमची किडनी घेता येणार नाही."

नंदिनी बाजूलेच बसली होती. बाहेर आल्यावर म्हणते, "आई, राहू दे आता." माह्यं काळीज फाटलं. ह्या पोरीनं मले समजवावं?

परत येताना मी वरोऱ्याले उतरली, सरळ क्लबमध्ये गेली आन भरल्या लोकायत डबा त्याच्यापुढं आदळला. "गोपालभाऊ, ह्याच्यानं माह्यी चांगली किडनी बिघडून राह्यली! आता काय देतं माह्या पोरीले? तुह्यी काकडी?"

तो हासला. हासला बरं! "ताई, आमचा माल शंभर टक्के. तुमीच चोरून खाल्लं असन."

चोरून! सख्ख्या पोरीच्या जिवासाठी दोन महिने भाताले शिवली नाई ते बाई चोरून खाईन? अंगाची लाही लाही झाली. पण भांडत बसाले टाइम कोणाले होता?

पुढच्या हप्त्यात डॉक्टरनं आहार सांगणाऱ्या पोरीकडं धाडलं. आचल तिचं नाव, शिंदेवाहीकडची, मासोळ्या धरणाऱ्या ढिवराची पोरगी. बोलणं आपल्यावाणीच. तिनं पूर्ण वही वाचली आन बोट ठेवलं ते औषधाच्या रकान्यावर.

"काकू, हे लाडू आन मध इथी काऊन?"

"औषध आहे ना ते. औषध कोणी जेवणात धरते काय?"

"पोटाले रकाने नाई समजत, काकू. एका लाडवात दीडशे कॅलरी धरा. चार लाडू म्हणजे सहाशे. चार चमचे मधाच्या अडीचशे. साडेआठशे झाल्या. एका वाटी भाताच्या दोनशेबी होत नाई. तुमी भात सोडला आन त्याच्या चौपट औषध खाल्लं."

लोकायच्या लेकरायचे वजन करणारी, मायायले आहार समजावणारी मी! स्वतःच्या दोन थोबाडीत माराव्या वाटलं. गोपालचा राग होताच, आता स्वतःचा त्याच्यावर चढला.

आचलनं भात परत देल्ला, दोन्ही टाइम वाटीभर, मोजून. सोबत वरण, भाजी, तलावातली मासोळी. तेल चमच्यानं मोजाचं. मी डोळे मिटून धार सोडत होती, ते तिनं बंद केलं. लाडू खाची इच्छा झालीच तं एक, पण आहाराच्या रकान्यात. घड्याळ पाहून जेवाची गरज नाई. "दिवसाले जेवढं लागते त्याच्यापेक्षा पाचशे कमी खा, काकू. हप्त्याले अर्धा किलो उतरलं तरी पुरे. त्याच्यापेक्षा जास्तीचं जो बोलीन त्याच्यापासून दूर पळा."

महिन्याभरानं आकडा खाली आला. डॉक्टरनं मुदत वाढवून देल्ली. मी रोज चालली, रोज लिहिलं. एखादा हप्ता काटा हालेच नाई, तवा रडली, पण उपाशी राह्यली नाई. तिथून पुढं चार महिने लागले, चाराच्या वर काई दिवस. काल काट्यावर चौऱ्याहत्तर आठशे भरली. ऑपरेशनची तारीख भेटली, येत्या महिन्याची नऊ.

बातमी कशी फुटली कोणास ठाऊक, आज सकाळीच गोपालचा फोन. "ताई, अभिनंदन! क्लबमध्ये तुमचा फोटो लावू काय? लोकायले प्रेरणा भेटन."

"लाव ना गा," मी म्हणलं. "आन खाली लिह, हिचे दोन महिने मी खाल्ले. त्या दोन महिन्यात हिची पोरगी सोळा वेळा मशीनवर गेली."

त्यानं फोन कापला.

खाटेवरून नंदिनी म्हणली, "सोळा नाई, आई. अठरा. दोनदा मले वार नसताना मधातच न्या लागलं होतं."